अपेक्षित एक, मिळाल्या दोन

बटण नव्हतंच. वेबसाईटच्या पानावर जिथे निळं, गुबगुबीत ‘गाडी मागवा’ असायचं तिथे नुसता पांढरा पट्टा होता, आणि तरीही माझ्या सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस चाचण्या हिरव्यागार होत्या. बटण मीच उडवलं होतं, चुकून. कॉपी करायची ओळ कट झाली, सकाळचे साडेनऊ वाजले होते, मी पाय खुर्चीवर घेऊन आरामात बसले होते आणि दुपारी तीनला सगळ्यांपुढे दाखवायच्या, पान आपोआप तपासणाऱ्या तीन टूल्सच्या तक्त्याला रंग देत होते. कट झालेलं कळलं ते चाचण्या चालवून झाल्यावर. आधी मला हसूच आलं. ‘बटण दाबले : पास’. कुठलं बटण दाबलं रे बाबा? ‘एक गाडी नोंदली : पास’. कुणी नोंदली? हसता हसता थांबले. जिना उतरताना शेवटची पायरी संपली असं समजून पाऊल टाकावं आणि अजून एक पायरी असावी, तसं. मी पाय खाली घेतले. परत चालवून पाहिलं. हिरवं. अख्खं पानच रिकामं करून टाकलं, एक अक्षर ठेवलं नाही. सत्तेचाळीसपैकी अठ्ठावीस चाचण्या लाल झाल्या, व्हायलाच हव्या होत्या. एकोणीस मात्र हसऱ्या चेहऱ्यानं हिरव्या. वर्गात मी गेल्या वर्षापर्यंत बसायचे ना, अगदी तशा. बाईंनी फळ्यावर काहीही लिहून ‘कळलं?’ विचारावं आणि मी मान हलवावी. फळा रिकामा असता तरी हलवली असती.

त्या एकोणिसांत चौतिसावी होती. तिचं नाव मीच ठेवलं होतं : ‘दोनदा दाबलं तरी एकच गाडी’. बाकीच्या अठरांचं काय व्हायचं ते होवो, पण चौतिसावीच्या नावावरून माझी नजर हटेना, कारण परवा मॅडमच्या टेबलासमोर उभी राहून मी मोठ्या आवाजात सांगितलं होतं, ‘हे मी तिन्ही टूल्सवर तपासलंय. तिन्हीकडे पास.’ मॅडम या ऑफिसच्या प्रमुख. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, ‘मग प्रश्नच मिटला.’ आणि त्यांनी आत्याच्या खुर्चीकडे पाहिलं होतं. खुर्चीत तेव्हा आत्या नव्हती, तिचा स्वेटर होता.

शाळेनं आम्हाला दहा दिवस कुठल्यातरी कामाच्या जागी जाऊन काम बघून या म्हणून सांगितलं, तेव्हा मला आत्यानं इथे आणलं. चष्म्याच्या दुकानावरचा दुसरा मजला, सात टेबलं, एक कुरकुरणारं कपाट आणि चहाचं यंत्र, ज्याला दोनदा थापट मारल्याशिवाय पाझर फुटत नाही. इथली माणसं गेले सात महिने एकच वेबसाईट बनवतायत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी ती ब्राउझरमध्ये उघडायची, नाव-पत्ता-वेळ भरायची, बटण दाबायचं, की त्यांना दवाखान्यात न्यायला गाडी येणार. पुढच्या आठवड्यात ती लोकांसाठी खुली होणार. आणि आत्याचं काम, ती खुली व्हायच्या आधी मोडून बघणं. बाकीचे लोक पान तपासतात, आत्या पानाशी भांडते. नावाच्या जागी नुसतं टिंब घालते. फोन नंबर मध्येमध्ये जागा सोडून लिहिते, कारण म्हातारी माणसं तसाच लिहितात. अर्ध्यावर मागे जाते, परत पुढे येते, मध्येच तेच पान दुसऱ्या खिडकीत उघडते आणि म्हणते, ‘आता बोल!’ पान बोलतं. बहुतेक वेळा रडतंच. मग ती वहीत लिहिते, आधी हे केलं, मग हे, मग असं झालं, आणि वही दाढीवाल्याच्या टेबलावर आपटते. दाढीवाला म्हणजे ज्यानं ते पान लिहिलंय तो. तो दाढी खाजवत म्हणतो, ‘ताई, असं कोण करतं?’ आत्या म्हणते, ‘मी केलं ना आत्ता.’ हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, आत्या घरी येऊन नकला करून सांगायची. पण दीड महिन्यापूर्वी तिनं वहीत लिहिलं की बटण दाबलं की कधीकधी दोन गाड्या नोंदल्या जातात. दाढीवाल्यानं त्याच्या मशीनवर पन्नास वेळा दाबून पाहिलं. एकच. आत्यानं परत लिहिलं. परत एकच. तिसऱ्या वेळी तो दाढी न खाजवता, खाली बघून, फार हळू आवाजात म्हणाला, ‘ताई, तुमचा हात…’ आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. चांगला माणूस आहे तो, म्हणूनच वाईट वाटलं असणार आत्याला. वाईट माणसानं पूर्ण केलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं.

हात. आमच्या घरात हा शब्दच नाही. म्हणजे हात धू, हात पूस, हात लावू नकोस, हे सगळं आहे, पण आत्याचा उजवा हात नाही. दोन वर्षं झाली त्याला थरथर सुटून. आधी अंगठा, मग मनगट. आणि दोन वर्षांत आम्ही सगळे न बघण्यात इतके पटाईत झालो की त्याची शर्यत असती तर आमच्या घरात कपांना जागा उरली नसती. आई तिचा चहाचा कप अर्धाच भरते आणि म्हणते, ‘दूध कमी होतं.’ दूध कायमच कमी असतं. बाबा तिचे फॉर्म स्वतःच भरतात, ‘माझं अक्षर जरा बरं आहे’ म्हणतात, आणि बाबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. आत्याही कमी नाही. चारचौघांत माऊस धरायची वेळ आली की डावा पंजा उजव्यावर असा ठेवते की जणू काही तिला थंडी वाजतेय. मीही न बघणाऱ्यांतलीच. उलट सगळ्यांत तरबेज, कारण मी मुळात बोलायचेच नाही. पाहुणे आईला विचारायचे, ‘हिला येतं ना बोलता?’ सातवी, आठवी, नववी, मी नुसती मान होते. मग यंदा एके दिवशी, का कुणास ठाऊक, गणिताच्या तासाला माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मला नाही कळलं.’ बाई वळल्या. मला वाटलं आता जमीन दुभंगेल. तर बाईंनी खडू खाली ठेवला, म्हणाल्या, ‘कुठपासून नाही कळलं?’ आणि मी म्हटलं, ‘पहिल्यापासून.’ अख्खा वर्ग जो काय हसला! पण ते हसणं सुटल्यासारखं होतं, अकरा जणींनी मागून सांगितलं की त्यांनाही नव्हतं कळलं. त्या दिवसापासून मी जी सुटले ती सुटलेच. आता आत्या मला भोंगा म्हणते. ‘आला आमचा भोंगा.’ मला फार आवडतं ते. आपला आवाज खोलीभर पसरतो, भिंतीला लागून परत येतो, आणि तो आपलाच असतो, याची मजा ज्यांना जन्मापासून बोलता येतं त्यांना कधी कळायची नाही.

आणि त्याच आवाजात मी परवा मॅडमना सांगितलं होतं, तिन्हीकडे पास.

मॅडमनी मला काम दिलं तेव्हा मी हवेतच होते. हातानं तपासण्याऐवजी पान आपोआप तपासणारी तीन टूल्स आहेत, कुठलं घ्यावं ते ठरत नाहीये, तू तिन्हीवर त्याच चाचण्या लिहून तुलना कर. शाळकरी मुलीला! पहिल्या दिवशीच मी तिघांना नावं ठेवली. पहिला स्वप्नाळू. हा ब्राउझर उघडतच नाही, पान मनातल्या मनात रचतो, मनातल्या मनात बटण दाबतो, आणि नऊ सेकंदांत सगळं आटपून मोकळा. दुसरा घरजावई. हा ब्राउझरच्या आत, पानाच्या शेजारीच बसून राहतो, आणि घरातल्यांना दुखवायला नको म्हणून फार सांभाळून वागतो. बटण जरा कामात दिसलं की हा दारात थांबतो, ते मोकळं होईपर्यंत हात लावत नाही. तिसरा परका. हा बाहेरून येतो, खराखुरा ब्राउझर उघडतो आणि माऊस अक्षरशः ओढत नेतो. त्याला पानाशी काही देणंघेणं नाही. पण भयंकर सावकाश, चार-चार मिनिटं लावतो, वर नखरे. माझा सगळा जीव स्वप्नाळूवर होता. नऊ सेकंद! आत्याला जे तपासायला दोन दिवस लागतात ते नऊ सेकंदांत, आणि हात न थरथरता. हे शेवटचं मी बोलले नव्हते, देवाशप्पथ, पण मनात आलं होतं. येऊन गेलं होतं.

परवा घरी जाताना आत्या बसमध्ये खिडकीकडे बघत म्हणाली होती, ‘सोमवारपासून मला फोनवर बसवतायत. लोकांचे फोन घ्यायचे, नाव लिहून घ्यायचं.’ मी काहीच बोलले नाही. भोंगा गप्प. मग तीच म्हणाली, अगदी हलकं, जणू हवा कशी आहे ते सांगतेय, ‘बरंच आहे की. फोन उचलायला डावा हात पुरतो.’

आता मी दाढीवाल्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं, बटण नाही, पान नाही, तरी हिरवं. तो माझ्या मशीनशी आला, स्क्रीनवर वरखाली गेला, एका ओळीवर थांबला आणि त्यानं असा श्वास सोडला की मला कळलं, हा इथे स्वतः पडून उठलाय. ‘गाड्या मोजणारा कोडचा तुकडा तू एकदाच लिहिलास आणि एकोणीस ठिकाणी वापरलास. त्यात “थांब” सांगायचं राहिलं. पान गाडी नोंदवतंय तोवर थांब, मग मोज, असं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर चाचणी मोजायच्या आधीच संपते. आणि काही मोजलंच नाही म्हणजे काही चुकलंच नाही, म्हणजे हिरवं.’ शेवटी करड्या बारीक अक्षरांत एक इशारा येत होता म्हणे, दर वेळी. मी तो एकदाही वाचला नव्हता. हिरव्याच्या खालचं कोण वाचतं? तो म्हणाला, ‘अगं, आम्ही सगळ्यांनी खाल्लीय ही ठोकर. गुपचूप दुरुस्त कर, तक्ता बदल, कुणाला कळायचंही नाही.’ मी म्हटलं, ‘चौतिसावी त्यातच आहे.’ त्यानं दाढी खाजवली. मग म्हणाला, ‘दुरुस्त करून बघ आधी. हिरवीच राहील ती. मी पन्नास वेळा दाबलंय.’

एक शब्द घातला. पान आणि बटण परत जागेवर लावलं. चालवलं. एकोणिसांतल्या दोन लाल झाल्या, फालतू कारणांनी, एकीत वेळ चुकली होती, एकीत नावात जादा टिंब. चौतिसावी तिन्हीकडे हिरवी. आता खरी, थांबून, मोजून हिरवी. आणि मला काय झालं सांगू? मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. मी परवा खोटं बोलले नव्हते, मी बरोबरच होते! तो आनंद मधेच कुठेतरी अडकून राहिला. कारण मी बरोबर असण्याचा अर्थ, दोष आत्याच्या हाताचा. मी खिडकीपाशी गेले. खाली चष्म्याच्या दुकानातून एक आजोबा बाहेर पडत होते, नव्या चष्म्यातून फुटपाथ बघत, पाऊल उचलायच्या आधी तीनदा विचार करत. त्यांनी दुकानाचं दार लावायला हात नेला, मूठ सापडेना, हात जरा बाजूला गेला, परत आला, दार लागलं, आणि लागलेलं असूनही त्यांनी ते परत एकदा ओढलं. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझी टूल्स बटण कशी दाबतात? बरोबर मधोमध. एकदा, स्वच्छ. आणि चौतिसाव्या चाचणीत मी दोनदा दाबायला सांगितलं होतं म्हणजे काय, तर दाब, झालं का, आता परत दाब. दोन दाबण्यांमधलं अंतर मी माझ्या मनानं ठेवलं होतं, एक पूर्ण सेकंद, छान गोल आकडा. दाढीवाल्यानं पन्नास वेळा दाबलं ते त्याच्या बोटांनी, ज्या बोटांनी तो दिवसभर तबल्यासारखं टाइप करतो. खरं अंतर आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ते या खोलीत एकाच माणसाकडे होतं. आणि ते मिळवायचं तर तो शब्द उच्चारावा लागणार होता.

बाकीचे खाली जेवायला गेले होते. आत्या तिच्या टेबलाशी एकटीच डबा खात होती, डाव्या हातानं, चमच्यानं. मी स्टूल ओढलं. ओढताना इतका आवाज झाला की ती म्हणाली, ‘आलात? अख्ख्या इमारतीला कळलं.’

‘आत्या, मला तुझा हात हवाय.’

‘कशाला गं? मागणी घालायचीय? वयाचा तरी विचार कर.’

‘उजवा. माऊसवर. आणि डावा त्याच्यावर ठेवायचा नाही.’

चमचा डब्यात तसाच राहिला. मला आधीचे सगळे अर्धे कप दिसत होते, एकामागे एक, टेबलावर ओळीनं. मी म्हटलं, ‘तो थरथरतो ना, तो तसाच हवाय मला. आवरायचा नाही. थरथरू दे.’ झालं. बोलून झालं. चहाचं यंत्र कोपऱ्यात आपलं आपण गुरगुरत होतं.

आत्यानं डब्याचं झाकण लावलं. एकदा बसेना, दुसऱ्यांदा बसलं. ‘दोन वर्षांत घरात हा शब्द कुणी काढला नव्हता,’ ती म्हणाली. ‘तुझ्या बापानंसुद्धा नाही. माझा सख्खा भाऊ, पण मान वळवून कॅलेंडर बघतो मेला. दोन वर्षांत त्याच्या सगळ्या तारखा पाठ झाल्या असतील.’

‘मी काढला. रागावलीस?’

‘रागावले असते तर तुला कळलं असतं.’ तिनं उजवा हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला. मी तो पहिल्यांदाच सरळ बघितला. बघण्यासारखं काही नव्हतं त्यात, नखं कापलेली, एका बोटाला शाई, आणि मनगटात ते बारीक, घाईचं काहीतरी, जणू हाताला कुठेतरी जायचंय आणि आत्या निघतच नाहीये. ‘किती वेळा दाबू?’

‘वीस.’

बटण कधी दाबलं गेलं, कधी सुटलं, तेवढं टिपणारा एक छोटा तुकडा मी लिहून ठेवला होता. आत्यानं दाबायला सुरुवात केली. डावा हात सवयीनं दोनदा वर आला, दोन्ही वेळा तिनंच त्याला खाली बसवलं. वीस झाल्यावर आकडे पडद्यावर सरसर उतरले. तेरा वेळा एकदाच. सात वेळा दोनदा, आणि दोहोंच्या मध्ये कधी सेकंदाचा दहावा भाग, कधी पाचवा, कधी त्याहून कमी, आणि माऊस दरम्यान दोन-तीन ठिपके इकडे किंवा तिकडे सरकलेला. माझा छान गोल सेकंद कुठेच नव्हता. आत्यानं चष्मा वर करून आकडे वाचले. रडेल की काय अशी मला धास्ती वाटली. ती म्हणाली, ‘म्हणजे दर तिसऱ्या वेळी. डॉक्टर नुसतं “अधूनमधून होतं का?” विचारत बसतो. मला हे छापून दे.’

मग आम्ही दोघी बसलो. तिचे आकडे मी आधी स्वप्नाळूला दिले. त्याच्या मनातल्या बटणाला लांबी-रुंदीच नसते, माऊस दोन ठिपके सरकला काय आणि दोन मैल सरकला काय, त्याला सगळं सारखंच, आणि गाडी तर तो मनातल्या मनात डोळ्याचं पातं लवायच्या आत नोंदवतो. हिरवा. घरजावयाला दिले. त्यानं पहिलं दाबणं केलं, बटण कामात आहे बघून अदबीनं उभा राहिला, ते मोकळं झाल्यावर मग दुसरं दाबायला गेला, तोवर पुढचं पान आलेलं. हिरवा. ‘किती गुणाचा गं हा,’ आत्या म्हणाली, ‘असा माणूस मी जन्मात पाहिला नाही.’ परक्याला दिले, खाली-वर-सरक-खाली-वर, कच्च्या हालचाली, जशाच्या तशा. कुणासाठी थांबायचं नाही म्हणून बजावलं. तोही हिरवा. मी डोकं टेबलावर टेकलं. लाकडाला शाईचा वास होता. डोळे मिटल्यावरही मला ती हिरवी खूण दिसत होती. मनात म्हटलं, संपलं, दाढीवाला बरोबर, मॅडम बरोबर, आणि मी आत्याकडून तो शब्द आणि तो हात उगीचच बाहेर काढून घेतला. तेवढ्यात तिनं मला कोपरानं ढोसलं. ‘भोंग्या, तू कुठे बसलीयस?’

‘म्हणजे?’

‘इथे इंटरनेट धावतं. गाडी मागवणारी माणसं अशा ऑफिसात बसतात का? एकट्या खोलीत, जुना कॉम्प्युटर, पान उघडेपर्यंत देवाची दोन नावं घेऊन होतात. तसं कर की.’

परक्याला ते करता येतं. इंटरनेट हवं तितकं रडवता येतं. मी रडवलं. पान रेंगाळत उघडलं, नाव-पत्ता भरला गेला, पडद्यावरचा बाण बटणाकडे सरकला, आणि दाबलं, आणि पहिल्या दाबण्याचं उत्तर यायच्या आत, सेकंदाच्या आठव्या भागात, परत दाबलं गेलं. लाल. तांबडंभडक लाल, आणि खाली एक ओळ : अपेक्षित १, मिळाल्या २. मी नोंदलेल्या गाड्यांची यादी उघडली. एकच नाव, एकच पत्ता, सकाळी साडेदहा. दोन गाड्या. मी जी किंचाळले! आत्यानं माझं तोंड दाबलं, उजव्या हातानं, आणि तो माझ्या ओठांवर थरथरत होता आणि आम्ही दोघी हसत होतो. गणिताच्या तासाला बाईंनी खडू खाली ठेवला तेव्हाही असंच वाटलं होतं मला. नाही कळलं म्हणण्यात जशी मजा होती, तशी त्या लालमध्ये होती. कुणीतरी शेवटी खरं बोललं होतं.

तीन वाजता मॅडम आल्या, दाढीवाला आला, आत्या भिंतीशी बसली. माझा रंगीत तक्ता मोठ्या पडद्यावर होता आणि मला तो बघवत नव्हता. मी ठरवलं होतं की आधी लाल दाखवायचं आणि माझी चूक मग सांगायची, जमल्यास घाईघाईत. पण उभी राहिले आणि उलटंच झालं. ‘परवा मी तुम्हाला जे सांगितलं ते चूक होतं,’ मी म्हटलं. आवाज फुटला. परत म्हटलं, या वेळी नीट. ‘एकोणीस चाचण्या काहीच तपासत नव्हत्या. मी थांबायला सांगायला विसरले. दोनदा दाबायचं जे मी पास म्हणून सांगितलं, ते मी तपासलेलंच नव्हतं.’ मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील शाळकरी पोरीला काम दिलं ही माझी चूक. त्या म्हणाल्या, ‘आणि आता तपासलंयस?’

मी परक्याला सोडलं. मोठ्या पडद्यावर बाण बटणापाशी आला आणि थरथरला. कुणीही माऊसला हात लावलेला नव्हता.

‘हे काय होतंय?’ दाढीवाला पुढे झुकला. ‘बाण असा का करतोय?’

‘तो आत्याचा हात आहे,’ मी म्हटलं.

लाल ओळ आली. दाढीवाल्यानं ती वाचली, परत वाचली, मग यादीतल्या दोन गाड्या बघितल्या आणि दोन्ही हात दाढीत घातले. मॅडम आत्याकडे वळल्या, पण नेमकं काय विचारावं ते त्यांना सुचत नसावं. ‘म्हणजे, हाताचं काही नाही म्हणायचं?’

‘हात थरथरतो मॅडम,’ आत्या म्हणाली. ‘ते खरं आहे. दोन गाड्या येतात तेही खरं आहे. गाडी मागवणाऱ्यांतल्या किती जणांचे हात स्थिर असतील असं वाटतं तुम्हाला?’

मॅडमनी दाढीवाल्याला विचारलं, किती वेळ लागेल. तो म्हणाला, पहिल्या दाबण्यालाच बटण बंद करायचं, शिवाय आत पोचल्यावर तीच नोंद परत घ्यायची नाही, अर्धा तास. आणि मग आत्याकडे न बघता, पण तिलाच, ‘दीड महिना आधी करायला हवं होतं.’ आत्या म्हणाली, ‘करा आता.’ त्यानं तिथेच बसून केलं. मधल्या वेळात मॅडमनी मला विचारलं की मग घ्यायचं कुठलं टूल, आणि मी जे वाटत होतं ते सांगितलं, रोज पटकन बघायला स्वप्नाळू चालेल पण त्याच्या शब्दावर विसंबायचं नाही, शेवटचा शब्द परक्याचा, चार मिनिटं लागली तरी. आणि त्यालाही काय करून बघायचं ते कुणीतरी सांगावं लागतं, त्याला आपणहून काही सुचत नाही. हे मी कुणाकडे न बघता म्हटलं. मॅडमनी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ काय ते मला कळलं नाही, मान हलवण्यावर माझा फारसा विश्वास नाही.

‘झालं,’ दाढीवाला म्हणाला. परक्याला परत सोडलं, बाण परत थरथरला, हिरवं. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. आत्या उठली. ‘सरक,’ तिनं मला खुर्चीवरून उठवलं आणि बसली. मोठ्या पडद्यासमोर, सगळ्यांच्या देखत, उजवा हात माऊसवर. डावा मांडीवर. नाव भरलं, पत्ता भरला, बाण डुगडुगत निघाला, आणि मला जाणवलं की या वेळी खोलीतलं कुणीही दुसरीकडे बघत नाहीये, कुणाला अचानक कपाट किंवा घड्याळ बघावंसं वाटत नाहीये. तिनं दाबलं. टिकटिक, दोनदा. यादीत एक गाडी. दाढीवाल्यानं श्वास सोडला, मी दोन्ही मुठी आवळल्या. आत्यानं यादीकडे धड पाहिलंही नाही. ती तोवर मागे गेली होती, मग परत पुढे, मग तेच पान दुसऱ्या खिडकीत उघडून डोळे बारीक करून बसली होती.

‘हं. हे बघा. मागे येऊन परत पुढे गेलं की पत्ता पुसला जातोय. गाडी येईल, पण कुठे येईल?’

‘ताई, असं कोण…’ दाढीवाल्यानं सुरुवात केली आणि स्वतःच थांबला.

‘लिहून घ्या,’ आत्या म्हणाली. ‘शुक्रवारपर्यंत दुरुस्त करा, सोमवारी सकाळी आल्या आल्या मी परत तपासते.’

दाढीवाला पेन शोधत खिसे चाचपत होता. मॅडमनी आपलं उघडलं आणि लिहून घेतलं.